पडून पुन्हा उठणारी बाहुली
पडदा आणि खेळ यांचा तोल साधताना तंजावरकडून घेण्याजोगे काही

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराकडे जाणाऱ्या पर्यटकाला हस्तकलेच्या दुकानांत एक जोडी हमखास दिसते. ती असते मातीच्या राजा-राणीची. लाल, हिरव्या, पिवळ्या अशा ठसठशीत रंगांत रंगवलेल्या या बाहुल्यांचा तळ गोल, रुंद आणि जड असतो, तर वरचा भाग निमुळता आणि हलका. बोटाने ढकलले की बाहुली आडवी होते, क्षणभर डोलते आणि पुन्हा ताठ उभी राहते. हिचीच एक बहीण म्हणजे नर्तकीची बाहुली. तिचे मस्तक, धड आणि घागरा हे भाग वेगवेगळे घडवून एकमेकांवर अलगद टेकवलेले असतात, त्यामुळे वाऱ्याच्या झुळकेनेही ती मान आणि कंबर डोलावते. तमिळमध्ये या बाहुल्यांना ‘तलैयाट्टी बोम्मै’, म्हणजे मान डोलावणारी बाहुली, असे म्हणतात. २००८-०९ या वर्षात तंजावरच्या बाहुल्यांना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले.

राजा-राणीच्या या बाहुलीमागील विज्ञान सोपे आहे. तिचे बहुतेक सारे वजन तळाशी असते. बाहुली कलली की तिचा गुरुत्वमध्य किंचित वर उचलला जातो आणि तळाचे वजन तिला पुन्हा मूळ जागी खेचून आणते. तिला उभे राहण्यासाठी वरून कोणी धरून ठेवावे लागत नाही.

मुलांच्या हातातील मोबाइल हा आज घरोघरी वादाचा विषय झाला आहे. द्यावा की देऊ नये, किती वेळ द्यावा, काढून घेतल्यावर होणारा आकांत कसा शमवावा, या प्रश्नांनी आई-वडील आणि आजी-आजोबा सारेच त्रस्त असतात. या वादात सारे लक्ष मोबाइलवर असते. मुलाच्या दिवसाच्या तळाशी काय आहे, त्यात खेळ किती, गप्पा किती, मोकळा वेळ किती, याचा विचार त्या मानाने कमी होतो. तळ भरलेला असेल तर पडद्याकडे झुकलेले मूल आपणहून परत येते, आणि तळ रिकामा असेल तर कितीही धाक दाखवला तरी ते पुन्हा तिकडेच कलंडते. तंजावरची बाहुली सुजाण पालकांना हेच सुचवते.

राजाने लिहिलेला खेळातला भूगोल

तंजावरचे मराठी वाचकाशी असलेले नाते जुने आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे तेथील अधिपती झाले आणि १८५५ पर्यंत भोसले घराण्याचा अंमल तेथे कोणत्या ना कोणत्या स्वरूपात राहिला. मराठीतील अगदी आरंभीची नाटके याच दरबारात लिहिली गेली. १६८४ ते १७१२ या काळात राज्य करणाऱ्या दुसऱ्या शहाजीराजांनी स्वतः नाट्यरचना केली.

या परंपरेतील दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) हे विलक्षण जिज्ञासू गृहस्थ होते. सरस्वती महाल ग्रंथालयाला त्यांनी वैभव प्राप्त करून दिले, पाश्चात्त्य ग्रंथ आणि उपकरणे जमवली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच तंजावरात देवनागरी छापखाना उभारला. या छापखान्यातून इसापच्या नीतिकथांचा मराठी अनुवाद ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने प्रसिद्ध झाला. मराठी मुद्रणाच्या पहाटे, महाराष्ट्रापासून इतक्या दूर, एका राजाला मुलांच्या गोष्टी छापाव्याशा वाटल्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्याहून मौजेची आहे त्यांची ‘देवेंद्र कुरवंजी’ ही मराठी नाट्यरचना. कुरवंजी हा दक्षिणेतील लोकप्रिय नाट्यप्रकार. त्यात डोंगरदऱ्यांतून फिरणारी, भविष्य सांगणारी स्त्री हे मध्यवर्ती पात्र असते. सरफोजीराजांनी या ओळखीच्या साच्यात चक्क जगाचा भूगोल घातला. खंड, देश आणि प्रदेश यांचे वर्णन गाण्यांतून होते आणि पाहणाऱ्याला तो विषय पाठ करण्याचा शीण न होता कळतो.

त्या काळी छापखाना हे आजच्या पडद्याइतकेच नवे आणि प्रभावी साधन होते. सरफोजीराजांनी त्याकडे पाठ फिरवली नाही आणि त्यापायी जुने नाट्यही टाकून दिले नाही. यंत्राला गोष्टीच्या आणि ज्ञानाला खेळाच्या कामी लावले. तोल साधण्याची ही दृष्टी दोनशे वर्षांनंतरही उपयोगी पडणारी आहे.

पडदा घरात कसा आला

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, मद्रासचे १९७५ मध्ये. त्यानंतर बरीच वर्षे चाळीत किंवा गल्लीत एखाद्याच घरी दूरदर्शन संच असे. कार्यक्रम ठरावीक वेळी सुरू होत आणि ठरावीक वेळी संपत. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ मालिका लागली की रस्ते ओस पडत, परंतु ती संपताच तीच मुले धनुष्यबाण करून अंगणात राम-रावणाचे युद्ध खेळत. पडदा एकच होता, तो सर्वांचा होता, आणि मुख्य म्हणजे तो काही वेळाने बंद होत असे.

पुढे वाहिन्या वाढल्या, संगणक आला. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेटमुळे मोबाइलवरील चित्रफिती खेडोपाडी पोहोचल्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली आणि शाळाच मोबाइलच्या पडद्यावर भरू लागली. तोपर्यंत पालक जो मोबाइल मुलांपासून दूर ठेवत होते, तोच त्यांना मुलांच्या हाती द्यावा लागला. शाळा पुन्हा उघडल्या, पण ती सवय अनेक घरांत तशीच राहून गेली.

आजचा पडदा मागच्या पिढीच्या पडद्याहून एका बाबतीत मुळातच वेगळा आहे. त्याला शेवट नाही. एक चित्रफीत संपते न संपते तोच दुसरी आपोआप सुरू होते. पुढे काय येईल याची उत्सुकता मुलाला, आणि खरे तर मोठ्यांनाही, खिळवून ठेवते. विटीदांडूचा, सागरगोट्यांचा किंवा पत्त्यांचा डाव मात्र संपतो. कोणी हरते, कोणी जिंकते, कोणी रुसते, कोणाला आई हाक मारते. थांबण्याची जागा खेळातच असते. पडद्यावर ती बाहेरून, म्हणजे घरातल्या माणसांनी, तयार करावी लागते.

तज्ज्ञांचे म्हणणे

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार एक वर्षापर्यंतच्या बाळाला पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा असावी. त्याहून कमी असल्यास अधिक चांगले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, आपल्या शिफारशींत दोन वर्षांखालील मुलांना पडदा टाळावा, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांहून कमी वेळ द्यावा, असे म्हटले आहे. दूरच्या आप्तांशी अधूनमधून व्हिडिओ कॉलवर बोलण्याची मात्र लहानग्यांनाही सवलत आहे.

ही सवलत का, हे समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांच्या, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील बाळांना बारा बैठकांतून चिनी भाषा ऐकवण्यात आली. काहींसमोर प्रत्यक्ष चिनी भाषिक व्यक्ती बसून गोष्टी वाचत आणि खेळणी दाखवत असे. इतरांना तेच सारे दूरचित्रवाणीवर किंवा नुसत्या ध्वनिमुद्रणातून मिळाले. प्रत्यक्ष माणसाच्या सहवासात असलेल्या बाळांना चिनी भाषेतील ध्वनींचा फरक ओळखता येऊ लागला. पडद्यावरून तीच भाषा ऐकणाऱ्या बाळांमध्ये तसा परिणाम आढळला नाही. बाळ भाषा शिकते ती डोळ्यांत पाहणाऱ्या, त्याच्या हुंकाराला उत्तर देणाऱ्या माणसाकडून. व्हिडिओ कॉलवरची आजी निदान उत्तर तरी देते. चित्रफितीतले गाणे बाळ हसले काय आणि रडले काय, पुढे चालूच राहते.

पडद्याच्या अतिरेकाचे शारीरिक परिणामही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. झोपण्यापूर्वी उजळ पडद्याकडे पाहत राहिल्याने झोप लांबते. बैठेपणामुळे वजन वाढते. दिवसाउजेडी मोकळ्या जागेत खेळणाऱ्या मुलांना लघुदृष्टीचा चष्मा लागण्याची शक्यता कमी असते, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. म्हणजे अंगणातला तासभर खेळ हा अभ्यासातून चोरलेला वेळ समजण्याचे कारण नाही.

बोली वाचते ती बोलण्याने

तंजावरच्या मराठी घरांना हा प्रश्न आणखी एका अंगाने भिडतो. भोसले राजांच्या काळात दक्षिणेत स्थिरावलेली शेकडो घराणी आजही घरात आपली मराठी बोली बोलतात. त्यांतील अनेक कुटुंबे नोकरी-व्यवसायानिमित्त चेन्नई, बंगळुरू आणि परदेशी गेली आहेत. ही बोली शाळेच्या अभ्यासक्रमात नाही आणि मुलांच्या पडद्यावर तर तिचा मागमूसही नसतो. तिच्यावर तमिळचे संस्कार झालेले असून तिने जुन्या मराठीचे काही शब्द आणि लकबी जपल्या आहेत. तिची एकमेव शाळा म्हणजे घर आणि तिचे शिक्षक म्हणजे आजी-आजोबा, आई-वडील. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे जतन केली आहेत. घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेला मात्र असे कपाट नसते.

जेवणाच्या वेळी चौघे जण चार पडद्यांत गुंतले की त्या घरात वेळ तर जातोच, शिवाय भाषेचा एक घासही कमी होतो. खेळताना आजी नातवाला जे शब्द सहज देऊन जाते, मोजण्याचे, रागवण्याचे, चिडवण्याचे, लाडाचे, ते कोणत्याही पुस्तकात एकत्र सापडत नाहीत. पुण्या-मुंबईच्या घरांनाही हे लागू आहे. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारी आजी आणि केवळ इंग्रजी चित्रफिती पाहणारा नातू एकाच सोफ्यावर बसलेले असले, तरी त्यांच्यातील अंतर वाढत जाते. खेळाचा पट मांडला की ते अंतर कमी करण्याची संधी आपसूक मिळते.

चिंचोक्यांची शिदोरी

अशा खेळांची तंजावरच्या परिसरात वाण नाही. ‘पल्लांगुळी’ हा त्यांपैकी एक. लाकडी पटावर सात-सात खळग्यांच्या दोन ओळी असतात. प्रत्येक खळग्यात चिंचोके किंवा कवड्या ठेवतात. एका खळग्यातील बिया उचलून पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचे आणि नियमाप्रमाणे हाती येतील त्या जिंकायच्या. पट नसेल तर जमिनीत चौदा खळगे करूनही भागते. या खेळात मूल न सांगता मोजते, पुढच्या तीन-चार चालींचा अंदाज घेते आणि हातच्या बिया राखून खर्च करायलाही शिकते. बँकेच्या वाचकांना हा शेवटचा गुण विशेष भावेल.

‘परमपदम्’ हा सापशिडीचा पट. वैकुंठ एकादशीच्या रात्री जागरण करताना तो खेळण्याची तमिळनाडूत प्रथा आहे. महाराष्ट्रातील ‘मोक्षपट’ हा त्याचाच सख्खा भाऊ. परंपरा त्याचे नाते थेट ज्ञानेश्वरांशी जोडते. ठिकरीला तेथे ‘पांडी’ म्हणतात आणि विटीदांडूला ‘किट्टिपुळ्’. लगोरी तेथेही सात दगडांचीच असते. खेळांना प्रांतांच्या सीमा फारशा ठाऊक नसतात, हेच खरे.

नवरात्रात तमिळनाडूतील घराघरांत ‘बोम्मै कोलू’ मांडतात. तीन, पाच, सात किंवा नऊ अशा विषम संख्येच्या पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्यांचा दरबार भरतो. देवदेवता, लग्नाची वरात आणि लाकडी ‘मरप्पाची’ जोडपे अशा बाहुल्या त्यात असतात. धान्य-मसाल्यांचे दुकान थाटून बसलेले चेट्टियार पती-पत्नी तर हवेतच. पायऱ्यांच्या बाजूला मुले आपले स्वतःचे गाव वसवतात. मातीत मोहरी किंवा नाचणी पेरून शेत उगवतात, आरशाचा तलाव करतात, आगपेट्यांची घरे बांधतात. दिवाळीत महाराष्ट्रातील मुले मातीचा किल्ला करून त्यावर हळीव पेरतात आणि मावळे उभे करतात, त्याचीच ही दाक्षिणात्य आवृत्ती. दोन्ही ठिकाणी मूल आठ-दहा दिवस एका कामात बुडून जाते. त्यात माती कालवणे असते, भांडण असते, ढासळलेला बुरूज पुन्हा बांधणे असते. पाहुणे पाहायला आले की अभिमानाने माहिती सांगणेही असते.

चेट्टियाराच्या दुकानावरून सुरू झालेला दुकान-दुकान हा खेळ व्यवहारज्ञानाची पहिली पायरी ठरू शकतो. चिंचोके ही नाणी, कागदाचे तुकडे या नोटा, आणि उधारीची एक चोपडी! पुढे हेच मूल स्वतःच्या खात्याचा व्यवहार समजून घेऊ लागते. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना, बँकेने ठरवून दिलेल्या मर्यादेत, स्वतंत्रपणे बचत खाते उघडण्याची व चालवण्याची मुभा देणारे सुधारित निर्देश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये जारी केले आहेत.

एका गावाचा भोंगा

एका घराने ठरवले तरी शेजारच्या घरातील पडदा चालू असतो, ही अनेक पालकांची अडचण. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने तिच्यावर गावपातळीवर उत्तर शोधले. टाळेबंदीनंतर मुले अभ्यासात रमत नाहीत, शाळेआधी आणि शाळेनंतर मोबाइलमध्येच गुंतलेली असतात, असे शिक्षकांच्या लक्षात आले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, गावाने निर्णय घेतला. रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजेल आणि साडेआठ वाजता पुन्हा वाजेल. मधल्या दीड तासात घरातील दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद राहतील.

आरंभी अनेकांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. पुढाकार घेतला तो महिलांनी. मालिकांत आपलाही फार वेळ जातो, अशी कबुली देऊन त्यांनी संच बंद ठेवण्यास संमती दिली. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन लोकांना समजावले. त्या वेळेत मुले अभ्यास, वाचन करू लागली आणि मोठी माणसे एकमेकांशी बोलू लागली. पुढे इतर काही गावांनीही हा मार्ग अनुसरला.

वडगावच्या अनुभवातील दोन गोष्टी कोणत्याही शहरी कुटुंबाला उचलता येतील. नियम फक्त मुलांसाठी नव्हता, तो मोठ्यांनी आधी स्वतःला लावून घेतला. आणि पडदा दिवसभर बंद करण्याचा अट्टहास कोणी केला नाही. ठरलेला दीड तास पाळायचा, एवढेच ठरले. भोंगा नसलेल्या घरात देवाजवळ दिवा लागण्याची वेळ किंवा जेवणाचे ताट हाच भोंगा होऊ शकतो.

पडदा शत्रू नव्हे

पडद्यामुळे खेळ मरतोच असे नाही. पुण्यातील आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी घडवली. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, जुनी वर्तमानपत्रे, रिकाम्या बाटल्या हेच त्यांचे साहित्य. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. त्यांच्या खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य उपलब्ध आहेत. दोन मिनिटे पडदा पाहायचा आणि पुढचा तास हाताने काहीतरी बनवायचे, हे प्रमाण आदर्श म्हणावे लागेल.

महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ यांच्या साथीने ते पुढे कोसबाडला बहरले. महागडी साधने परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी शंख-शिंपले, पाने, बिया, खडे यांनाच शैक्षणिक साधने बनवले. आज राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही बालवयातील शिक्षण खेळावर आधारावे असे म्हटले आहे, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळणी, कोडी, बाहुल्या यांची ‘जादुई पिटारा’ ही पेटी सादर करण्यात आली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील एकतिसावे कलम तर खेळ हा मुलाचा हक्कच मानते. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. २०२४ पासून ११ जून हा आंतरराष्ट्रीय खेळ दिन म्हणून पाळला जातो.

घरासाठी काही सोपी पथ्ये

१. जेवणाचे ताट आणि झोपण्याची खोली या दोन जागा सर्वांसाठी पडदामुक्त ठेवाव्यात. झोपण्यापूर्वीचा एक तास मोबाइल दिवाणखान्यातच राहावा.

२. ‘आता बंद कर’ असे अचानक सांगण्याऐवजी ‘ही एक गोष्ट संपली की बंद’ असे आधीच ठरवावे. चित्रफिती आपोआप सुरू होण्याची सोय मोबाइलमध्ये बंद करता येते, ती करावी.

३. मूल रडते म्हणून किंवा घास भरवायचा म्हणून मोबाइल देऊ नये. रडण्याचे ते बक्षीस ठरते.

४. लहान मुलांनी जे पाहायचे ते शक्यतो मोठ्यांसोबत पाहावे आणि त्यावर घरच्या बोलीत बोलावे.

५. खेळाचे साहित्य हाताशी, उघड्यावर असावे. माती, खडू, जुने कापड, पुठ्ठे, चिंचोके यांची एक टोपली पुरेशी आहे. कपाटात कुलूपबंद ठेवलेले महागडे खेळणे उपयोगाचे नाही.

६. मुलाला अधूनमधून कंटाळा येऊ द्यावा. ‘काय करू?’ या प्रश्नाला लगेच उत्तर दिले नाही, तर थोड्या वेळाने ते स्वतःच काहीतरी शोधून काढते.

७. ज्या मोबाइलवर मूल खेळते त्यावरच बहुधा घराचे बँक व्यवहारही चालतात. पैसे देण्याच्या अ‍ॅपला स्वतंत्र कुलूप असावे, पिन आणि ओटीपी मुलांना सांगू नयेत आणि खात्यातील व्यवहारांचे एसएमएस वेळच्या वेळी वाचावेत. खेळता खेळता नकळत झालेली खरेदी त्यामुळे लगेच ध्यानात येते.

८. मोबाइल काढून घेताच मूल हिंसक होत असेल, झोप, जेवण, शाळा यांवर सतत परिणाम होत असेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ मध्येच स्वतंत्र उपचार केंद्र सुरू केले. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

कारागिराच्या हातचे खेळणे

मुलांचा खेळ टिकला तर आणखी एक गोष्ट टिकते, ती म्हणजे खेळणी घडवणाऱ्यांचा व्यवसाय. तंजावरची बाहुली घडवताना माती किंवा कागदाचा लगदा साच्यात घालणे, वाळवणे, घासणे, रंगवणे ही सारी कामे हातांनीच करावी लागतात. तळाचे वजन चुकले तर बाहुली उठत नाही, त्यामुळे कारागिराचा अंदाज पक्का लागतो. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना आणि कर्नाटकातील चन्नपट्टणच्या लाखेच्या खेळण्यांनाही असाच वारसा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा पारंपरिक व्यवसायांत बाहुल्या व खेळणी बनवणाऱ्यांचा समावेश आहे. पात्र कारागिरांना प्रशिक्षणासोबत पहिल्या टप्प्यात एक लाख आणि दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंत तारणमुक्त कर्ज पाच टक्के सवलतीच्या व्याजदराने मिळू शकते. वाढदिवसाला अशा कारागिराचे खेळणे भेट देणारे कुटुंब दोन घरांना आनंद देते.

आणि विकत घेणे शक्य नसले तर ही बाहुली घरीच करता येते. जुना प्लॅस्टिकचा चेंडू अर्धा कापावा, त्यात ओली माती थापून घट्ट बसवावी, वर जाड कागदाचा निमुळता शंकू चिकटवून त्यावर राजाचा किंवा राणीचा चेहरा रंगवावा. माती कमी पडली तर बाहुली कलंडून तशीच पडून राहील. मग मूल स्वतःच आणखी थोडी माती घालून पाहील, पुन्हा ढकलून पाहील, आणि केव्हातरी ती डोलत डोलत उठून उभी राहील. येत्या रविवारी दुपारी एवढा एक प्रयोग करून पाहायला हरकत नाही. त्या तासाभरात मोबाइल कुठे ठेवला आहे, हे बहुधा घरात कोणाच्याच लक्षात राहणार नाही.